पंप बदलण्यापूर्वी

जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की नजर आधी कार्बोरेटरकडे जाते, मग डिस्ट्रिब्युटरकडे. त्यांच्या खालच्या अंगाला, इंजिनाच्या कुशीत दोन बोल्टांवर बसवलेला मुठीएवढा ओतीव डबा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक नळी टाकीकडून येते, दुसरी कार्बोरेटरकडे जाते, आणि काही गाड्यांत डोक्यावर काचेची छोटी वाटी असते. आपल्याकडचे मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. या एसीचा गारव्याशी काही संबंध नाही. फ्रान्समधून अमेरिकेत जाऊन कारखानदार झालेल्या अल्बर्ट चॅम्पियन या सायकल-शर्यतपटूच्या नावाची ती आद्याक्षरे. त्याच्या कंपनीचे पंप जगभर इतके पसरले, की कंपनीचे नावच वस्तूचे नाव झाले. गाडी गचके खाऊ लागली, चढावर दम तोडू लागली, की ‘एसी पंप गेला’ हे निदान पहिल्या पाच मिनिटांत होते आणि पुढच्या अर्ध्या तासात नवा पंप बसतोही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हीच अर्ध्या तासाची दुरुस्ती आहे, आणि एवढ्याशा कामासाठी आख्खे पुस्तक कशाला, हा प्रश्न वाचकाला पडणे अगदी रास्त आहे. माझे उत्तर असे, की पंप बदलणे हे मुळात मोजमापाचे काम आहे. सुटा भाग काढून सुटा भाग लावण्याचे काम म्हणून आपण ते करत आलो, म्हणूनच पंप बदलूनही गाडी तशीच राहते आणि दोष मात्र ‘डुप्लिकेट मालावर’ जातो.

हा पंप आला कुठून, हे आधी पाहायला हवे, कारण त्याच्या आधीच्या युक्त्यांच्या उणिवांतून त्याची घडण झाली. सुरुवातीच्या मोटारींना पंप नव्हताच. टाकी उंचावर, कार्बोरेटर खाली, मध्ये नळी. बाकीचे गुरुत्वाकर्षण पाहून घेई. 1908 ते 1927 या काळात लाखोंनी बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी पुढच्या सीटखाली असे. चढ फार उभा असेल आणि टाकीत पेट्रोल कमी असेल, तर टाकीची पातळी कार्बोरेटरच्या खाली जाई आणि इंजिन बंद पडे. त्यावर चालकांनी शोधलेला उपाय म्हणजे गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढणे. टाकी मागे, जमिनीलगत नेण्यात आणि इंजिनापासून दूर ठेवण्यात सुरक्षितता होती, पण मग पेट्रोल वर आणायचे कसे? अमेरिकेतल्या स्टुअर्ट आणि ब्रिटनमधल्या ऑटोव्हॅक या निर्वात टाक्यांनी इंजिन स्वतःच्या सेवनाने निर्माण करते ती ओढ वापरली. मागचे पेट्रोल आधी बॉनेटखालच्या लहान टाकीत खेचायचे आणि तिथून ते आपल्या वजनाने खाली सोडायचे. ही युक्ती सपाटीवर छान चाले. पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून लांबलचक चढ चढताना मॅनिफोल्डमधली ओढ घसरते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच पुरवठा आटतो. 1920 च्या दशकाच्या शेवटी कॅमशाफ्टवर चालणारा पंप मोठ्या प्रमाणावर आला तो या दुखण्यावर औषध म्हणून. इंजिन फिरते आहे तोवर पंप चालणार, मग मॅनिफोल्डमध्ये ओढ असो वा नसो. गंमत अशी, की त्या काळच्या अमेरिकी गाड्यांचे पाऊसपुसणे म्हणजे वायपर याच ओढीवर चालत आणि चढावर मंदावत. म्हणून कित्येक गाड्यांत पेट्रोलच्या पंपालाच वायपरसाठी दुसरा कप्पा जोडलेला असे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि अमेरिकी गाड्या इथल्या पावसात धावू लागल्या. असा दुहेरी पंप एखाद्या जुन्या शेवरोलेवर आज दिसला, की त्यावरच्या जादा नळ्या पाहून अनोळखी माणूस हमखास गोंधळतो.

पंपाची रचना साधी, पण तिच्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उलटी बसलेली असते. कॅमशाफ्टवर एक विषमकेंद्री चकती असते. ती फिरताना पंपाची दांडी म्हणजे लिव्हर हलते, आणि लिव्हर पंपाच्या पोटातला पडदा, अर्थात डायफ्राम, खाली ओढते. त्या ओढीने आतला एकदिशा व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीकडचे पेट्रोल पोटात येते. इथवर कॅमचे काम संपले. पेट्रोल पुढे ढकलण्याचे काम कॅम करत नाही; ते डायफ्रामखालची स्प्रिंग करते. म्हणून पंपाचा दाब इंजिनाच्या वेगावर ठरत नाही, स्प्रिंगच्या ताकदीवर आणि डायफ्रामच्या क्षेत्रफळावर ठरतो. कार्बोरेटरची वाटी भरली, फ्लोटने नीडल बंद केली, की स्प्रिंगला ढकलायला जागाच उरत नाही. डायफ्राम खालीच अडकून राहतो आणि लिव्हर रिकामी हलत राहते. जितके इंजिन पिते तितकेच पंप देतो, आणि त्यासाठी त्याला ना स्विच लागतो, ना रेग्युलेटर. थोडा हिशेब करून पाहावा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी, लिटरला 10 किलोमीटर देणारी गाडी तासाला 6 लिटर, म्हणजे मिनिटाला 100 मिलिलिटर पेट्रोल घेते. इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे मिनिटाला 1500 वेळा फिरतो, आणि दर फेरीला पंपाचा एक ठोका होतो. दर ठोक्याला वाट्याला येते ते मिलिलिटरच्या पंधराव्या हिश्शाएवढे, जेमतेम थेंब-दीड थेंब. तासाला 90,000 ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात थेंबभर पेट्रोल! बरा असलेला पंप मोकळ्या नळीतून मिनिटाभरात अर्धा लिटर सहज ओततो. क्षमता पाचपट आणि मागणी एकपट असा हा व्यवहार असल्यामुळे निम्म्याहून अधिक खालावलेला पंपही शहरात कुरकुर न करता चालतो. त्याची कमजोरी उघडी पडते ती खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर.

या हिशेबाचा दुसरा अर्थ असा, की पेट्रोल कमी पडते आहे म्हणून पंपच वाईट, हा निष्कर्ष घाईचा आहे. पाचपट क्षमता खाऊन टाकणारे दोष बहुतेक वेळा पंपाच्या आधी, टाकीकडच्या बाजूला असतात. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र बुजले तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप ओढतच राहतो. झाकण सैल करून गाडी सुधारली तर खर्च शून्य. टाकीचा गंज नळीत बसतो. मागची रबरी नळी तडकली तर तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत शिरते, कारण ती बाजू ओढीची आहे. त्यामुळे खाली डाग पडत नाही आणि कुणाला शंका येत नाही. मिस्त्री म्हणतात ‘गाडी एअर घेते’, आणि बदलला जातो पंप. फोर्डच्या 1932 नंतरच्या साइडव्हॉल्व्ह व्ही-एट इंजिनाचे उदाहरण तर या पुस्तकाच्या मूळ मुद्द्यासाठीच घडवल्यासारखे आहे. तिथे पंप इंजिनाच्या डोक्यावर, मागच्या अंगाला असतो आणि कॅमशाफ्टपासून त्याच्यापर्यंत एक लांब दांडी हालचाल पोचवते. वर्षानुवर्षांत ही दांडी झिजून आखूड होते. मग पंपाचा ठोका लहान होतो आणि पेट्रोल कमी पडते. अशा इंजिनावर एकामागून एक तीन नवे पंप बसवले, तरी गाडी सुधारणार नाही.

बसवतानाही हाच मिलिमीटरांचा खेळ आहे. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये फायबरचा किंवा बेकेलाइटचा जाड ठोकळा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग. हा ठोकळा उष्णता अडवतो एवढेच लोक सांगतात. तो अंतरही ठरवतो. पॅकिंग जास्त जाड झाले की लिव्हर कॅमपासून दूर जाते, ठोका आखडतो. पॅकिंग पातळ झाले किंवा ठोकळा गाळला गेला, की लिव्हर गरजेपेक्षा जास्त दाबली जाते, डायफ्राम ताणला जातो, कधी लिव्हरच मोडते. फियाटच्या कित्येक इंजिनांत पंप आणि कॅम यांच्यामध्ये छोटी दांडी असते आणि ती किती बाहेर डोकावते हे वेगवेगळ्या जाडीची पॅकिंग घालूनच जुळवायचे असते. तिथे हाताला लागेल ते पॅकिंग कापून लावणे म्हणजे पंपाचा ठोका नशिबावर सोडणे. चकतीचा उंच भाग पंपाकडे असताना पंप दाबून बसवला, की बोल्ट तिरपे ओढले जातात आणि कान तुटतो. इंजिन हाताने थोडे फिरवून चकतीची बुटकी बाजू पंपाकडे आणली, तर तोच पंप बोटांनी जागेवर बसतो. लिव्हर चकतीच्या योग्य बाजूला आहे ना, ते बोल्ट आवळण्याआधी चाचपायचे. नंतर चाचपायला लिव्हर उरत नाही. पंप उघडून नवा डायफ्राम घालताना वरचा आणि खालचा भाग जोडण्याचे स्क्रू शेवटचे आवळायचे ते लिव्हर पूर्ण दाबून धरून, म्हणजे पडद्याला हालचालीपुरती ढील मिळते. ही एक गोष्ट चुकल्यामुळे दुरुस्तीच्या नव्या कोऱ्या किटमधला पडदा महिन्याभरात फाटतो, आणि शिव्या खातो किट बनवणारा.

या क्षेत्रात मतभेदही आहेत, आणि ते आजचे नाहीत. विजेचा पंप म्हणजे जुन्या गाडीशी केलेली प्रतारणा, असे काही हौशी मानतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही. ब्रिटनमधल्या एसयू कंपनीने विजेवर चालणारे डायफ्राम पंप दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच बाजारात आणले होते. एकाच घराण्यातले ए-सिरीज इंजिन ऑस्टिन ए-30 मध्ये कॅमवरच्या पंपाने पेट्रोल घेई, तर मॉरिस मायनरमध्ये त्याच जागेवर पत्र्याचे झाकण ठोकून एसयूचा टिकटिकणारा विजेचा पंप लावलेला असे. मिनीने तर दोन्ही घाटांचे पाणी प्यायले: आधी वीज, नंतर कॅम. तेव्हा यांत्रिक पंप हा सर्वच जुन्या गाड्यांचा धर्म नाही. माझ्या मते खरी भेदरेषा दुसरीकडे आहे, ती उघडणारा पंप आणि न उघडणारा पंप यांच्यामध्ये. जुन्या पंपाचे दोन भाग स्क्रूंनी जोडलेले असत. डायफ्राम, व्हॉल्व्ह, स्प्रिंग सारे मिळे. 1960 नंतर हळूहळू कडा दाबून कायमचे बंद केलेले पंप आले. उत्पादकाला ते स्वस्त पडत, बिघडले की फेकायचे. दुरुस्तीची सवय मोडली ती तिथे, आणि ‘पंप गेला’ या निदानाचे मूळही मला तिथेच दिसते. उघडताच येत नाही त्या वस्तूचे दुसरे निदान करायचे तरी काय?

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला विजेचाच पंप बरा. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते, यांत्रिक पंपाला ते पुन्हा भरायला स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, आणि जुन्या बॅटरीला तेवढा दम नसतो. हे खरे आहे. पण अनेक एसी पंपांना हाताने मारायची छोटी दांडी असते ती याचसाठी. चार-सहा वेळा ती हलवली की वाटी भरते. शिवाय विजेच्या पंपाला अपघातात आपोआप बंद पडण्याची अक्कल बाहेरून पुरवावी लागते, आघाताच्या स्विचने किंवा ऑइल-प्रेशरच्या स्विचने. ती न पुरवता थेट इग्निशनला जोडलेला पंप इंजिन थांबले, नळी तुटली, तरी पेट्रोल ओतत राहू शकतो. इंजेक्शनच्या गाडीचा 3 बारच्या आसपास दाब देणारा पंप जुन्या कार्बोरेटरला लावणे ही तर आगीला दिलेली उघड निमंत्रणपत्रिका, कारण तिथली नीडल जेमतेम दोन-चार पौंडांचा दाब पेलण्यासाठी बनलेली असते. यांत्रिक पंपाची खरी उणीव निराळी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरू शकते, तेल पातळ होते आणि बेअरिंग जातात. पंपाच्या पोटाला असलेले गळछिद्र हे त्याच्या इशाऱ्यासाठी आहे: तिथून पेट्रोल ठिबकले तर पडदा फाटला, तेल ठिबकले तर खालचे सील गेले. ते छिद्र सीलंटने बुजवणारे महाभागही असतात. दुसरा आक्षेप पैशाचा. नवा पंप स्वस्त, मिस्त्रीचा वेळ महाग, मग उघडत बसायचे कशाला? याला मी अर्धी संमती देतो. ओतीव अंग वाकले असेल, लिव्हरच्या पिनेचे भोक अंडाकृती झाले असेल, तर पंप बदलावाच. मात्र नवा पंप बाहेरून तसाच दिसतो म्हणून तो तसाच असतो असे नाही. लिव्हरचा बाक थोडा निराळा असतो, स्प्रिंग जास्त कडक असते आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊ लागतो. एक साधा प्रेशर गेज आणि एक बाटली एवढ्यावर ही परीक्षा होते, आणि ती जुन्या पंपाला लावायची तशीच नव्यालाही लावायची.

हे सारे आजच लिहून काढण्याची निकड कशाने आली? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात दशकानुदशके बनलेली फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नाव होती. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सी रोज धावते, रोज बिघडते, रोज दुरुस्त होते. तिच्या जिवावर किट विकली जात आणि पोरे काम शिकत. हौशी मालकांच्या गाड्या कितीही चकचकीत असल्या, तरी त्या रविवारी निघतात, आणि रविवारच्या गिऱ्हाइकीवर कारागिरी टिकत नाही. दुसरीकडे 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. त्यामुळे मूळ म्हणजे काय, हा गप्पांचा विषय कागदावर आला. नियमाचा रोख चासी, सांगाडा आणि इंजिन यांतल्या फेरफारांवर आहे, पंपावर नाही. तरी जो बदल उद्या परत फिरवता येतो तो करावा, जो येत नाही तो टाळावा, एवढा विवेक मालकाने स्वतःहून पाळायला हरकत नाही. विजेचा पंप लावायचाच तर जुना पंप तेलकट कापडात गुंडाळून डिकीत ठेवावा; इंजिनावरचे पंपाच्या जागेचे भोक बुजवण्यासाठी वेल्डिंग करू नये.

सर्वांत मोठे कारण मात्र पेट्रोलच आहे. 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि महाराष्ट्रात तर यातले बरेचसे इथेनॉल उसाच्या शेतातून, आपल्याच साखर कारखान्यांतून येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात काय भले-बुरे, तो वाद इथला नाही. पंपाच्या दृष्टीने इथेनॉल जुन्या रबराला फुगवते किंवा कडक करते, हवेतले पाणी ओढून घेते, आणि ते पाणी उभ्या गाडीच्या पंपात जस्त-अॅल्युमिनियमच्या अंगाला पांढरी बुरशी आणते. हे दिवस आले, आता यांत्रिक पंपाचे संपलेच, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर उलटे आहे. ज्या पंपाचा पडदा बदलता येतो त्यालाच या इंधनाशी जुळवून घेता येते: फ्लुरोकार्बन रबराचा डायफ्राम, तशाच जातीची व्हॉल्व्ह-सीले, नव्या नळ्या, काम झाले. कडा दाबून बंद केलेला पंप इथे निरुपयोगी ठरतो. उन्हाळ्यात व्हेपर लॉकचा, म्हणजे नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याचा, त्रासही यात मिसळतो. ओढीच्या बाजूला दाब कमी, म्हणून तिथले पेट्रोल लवकर उकळते. घाटात पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या चालकांची रीत अडाणीपणाची नव्हती, उष्णता कुठे अडते हे त्यांना ठाऊक होते.

पुस्तकाने स्वतःपुढे ठेवलेले काम मर्यादित आहे. सर्व मोटारींचे कोष्टक ते देत नाही. फियाट, अँबेसेडर, जीप आणि इथे टिकून असलेल्या काही अमेरिकी-ब्रिटिश गाड्या यांच्या आधारे विचार करायला शिकवते. वाचक मिस्त्री असेल असे ते गृहीत धरत नाही, पण पाना हातात धरायला घाबरणार नाही असे धरते. भाषेबाबत लेखकाने घेतलेला निर्णय मला पटला: डायफ्रामला कधी पडदा, कधी डायफ्राम, गॅस्केटला पॅकिंगच. गॅरेजमध्ये जो शब्द हाक मारल्यावर ओ देतो तोच पानावर आला आहे. काही ठिकाणी मी याहून जास्त आकडे मागितले असते, विशेषतः स्प्रिंगांच्या बाबतीत. बाजारातल्या मालात इतका फरक आहे, की प्रत्येकाने आपल्या गाडीचा आकडा गेजवर स्वतः वाचावा हे लेखकाचे म्हणणे शेवटी मान्य करावे लागले.

एक सूचना मात्र पुढच्या प्रकरणांसाठी न ठेवता इथेच. पंपाची नळी सोडवण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. टाकीची पातळी पंपाच्या वर असेल तर सोडलेल्या नळीतून पेट्रोल आपोआप वाहत राहते, म्हणून तिच्या तोंडात बसेल असा बूच आधी शोधून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती गॅरेजच्या खड्ड्यात जाऊन साठते. हे काम खड्ड्यावर उभ्या गाडीवर करू नका, आणि हातदिव्याचा उघडा बल्ब जवळ आणू नका.